आधी डोळे तपासा, मग पोरगं कच्चं म्हणा

सोलापूरच्या पूर्व भागात पोरगं वाचताना अडखळलं की कारण तयारच असतं. घरात तेलुगू बोलतात, मराठी कच्चं राहणारच. आई विड्या वळते, बाप लूमवर, अभ्यास घेणार कोण? ही कारणं खोटी नाहीत. पण ती इतकी हाताशी असतात की पोराला फळा दिसतो का, हे बघायचंच राहून जातं. याचा मला खरंच राग येतो.

मी अशोक चौकाजवळ प्राथमिकच्या मुलांची शिकवणी घेते. चौथीतली एक मुलगी फळ्याकडे बघून कधी लिहायचीच नाही, शेजारणीच्या वहीतून उतरवायची. शेजारणीने ‘घर’चं ‘धर’ केलं की हिच्याही वहीत ‘धर’. शाळेतला शेरा: लक्ष नसते, बघून लिहिते. तोंडी गणितं मात्र सगळ्यांच्या आधी सांगायची. तपासलं तर दोन्ही डोळ्यांना मायनस तीन नंबर. म्हणजे साधारण एका फुटापलीकडचं सगळं धूसर. “हिने कधी सांगितलं कसं नाही, मॅडम?” आई विचारत होती. काय सांगणार? सगळ्यांना असंच दिसतं, असं तिला वाटत होतं.

शाळेत तपासणी होते की, असं कुणी म्हणेल. होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, वर्षातून एकदा आरोग्य पथकाने शाळेत येऊन मुलं तपासायची असतात. योजना चांगलीच आहे. पण एवढी पोरं भराभर उरकायची म्हटल्यावर काय होतं? रांगेतली पोरं पुढच्याचं ऐकून डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता पाठ करतात. डोळा झाक म्हटलं की बोटांच्या फटीतून बघतात. मग एकाच डोळ्यात दोष असलेलं पोरगं निसटतं, आणि त्याचंच नुकसान मोठं. दुसरा डोळा चांगला असल्याने ते खेळतं, वाचतं, कुणाला शंकाही येत नाही. इकडे मेंदू कमजोर डोळ्याकडून येणारं चित्र विचारात घेणंच हळूहळू सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. चष्मा देऊन, चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी लावून उपचार होतो, पण साधारण सात वर्षांच्या आत सुरू केला तर गुण चांगला येतो. पुढे अवघड होत जातं.

प्लस नंबरची, म्हणजे जवळचं बघताना त्रास होणारी, पोरंही निसटतात. सहा मीटरवरचा तक्ता ती डोळ्यांना ताण देऊन वाचून दाखवतात. पुस्तक धरलं की डोकं दुखतं, ओळ सुटते, थोड्या वेळात उठून जातात. त्यांना आपण चंचल म्हणतो.

आणि दोष सापडला तरी पुढे? हातात चिठ्ठी: सिव्हिलला दाखवा. विड्या हजारावर मोजून पैसे मिळतात, सिव्हिलला जायचं म्हणजे आईचा एक दिवसाचा खाडा. चिठ्ठी दप्तरात चुरगळते. चष्मा झालाच तर वर्गात ‘बॅटरी’ म्हणून चिडवणं, घरी ‘चष्म्याने नंबर वाढतो’ (वाढत नाही!), पोरगी असेल तर लग्नाची काळजी आत्तापासून. चीनच्या दोन प्रांतांत 252 शाळांमध्ये मोठा अभ्यास झाला होता, 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना चष्मे मोफत दिले त्यांच्यातही निम्म्याहून कमी मुलं ते घालताना दिसली. तरीसुद्धा त्या मुलांचे गणिताचे गुण वाढले. सगळ्यांनी घातले असते तर?

म्हणून माझं मत असं, की जूनमध्ये शाळा भरली की पहिल्या पंधरवड्यात वर्गशिक्षकांनीच डोळ्यांची चाचणी घ्यावी. टेपने सहा मीटर मोजा, एक डोळा तळहाताने झाका, एकेका मुलाला वेगळं बोलवा. पहिलीच्या पोरांना अक्षरं येत नसतील तर इंग्रजी ‘ई’चा तक्ता असतो, उघडी बाजू कुठे ते हाताने दाखवायचं. ज्यांना दिसत नाही त्यांना शाळेनेच एकत्र सिव्हिलला न्यावं, आईबापांवर सोडू नये. चष्मा आल्यावर तो रोज नाकावर आहे का, हेही बाईंनीच बघावं.

पालकांनो, पुढच्या पालकसभेत किती मुलं तपासली ते विचारू नका. चष्मे किती मुलांना मिळाले, ते विचारा.