‘पायात जोर असला की स्प्रिंट जिंकली’? डॅनिश सायकलपटू एलेगार्डचं करिअर बघा

ट्रॅक सायकलिंगच्या स्प्रिंटबद्दल, म्हणजे ट्रॅकच्या मोजक्या चकरांत समोरासमोर होणाऱ्या शर्यतीबद्दल, एक दावा वरचेवर फिरत असतो: आधीच्या चकरांत खेळाडू नुसते रेंगाळतात, शेवटी ज्याच्या पायात जोर जास्त तो जिंकतो आणि तिशी आली की स्प्रिंटर संपला. तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत.

रेंगाळणं हा शर्यतीचाच भाग आहे. पुढच्याला वारा कापावा लागतो आणि मागचं नीट दिसत नाही. मागच्याला आडोसाही मिळतो आणि पुढचा काय करतोय तेही दिसतं. म्हणून कुणीच आपण होऊन पुढे जात नाही, प्रसंगी दोघं सायकल जागीच तोलून धरतात. या सायकलीला ना ब्रेक, ना फ्रीव्हील (चाक फिरतं तोवर पेडलही फिरतंच). असा तोल धरणं सोपं नाही.

जोराच्या मुद्द्यावर तर गणितच मांडता येतं. ट्रॅकचं एक वळण म्हणजे साधारण अर्धं वर्तुळ. प्रतिस्पर्ध्याच्या एक मीटर बाहेरून ते पूर्ण घेतलं, तर सुमारे 3.14 मीटर जास्त कापावे लागतात, म्हणजे जवळपास दोन सायकलींची लांबी. वेग कितीही असो, हा दंड तेवढाच. शेवटचा वेग सुरू झाल्यावर पुढचा लाल रेषेच्या (ट्रॅकच्या आतल्या कडेजवळ आखलेल्या स्प्रिंट-पट्टीच्या सीमेच्या) आत असेल, तर आतून घुसायला नियमाने बंदी. मग मागच्याने करायचं काय? वळणाआधी थोडं अंतर सोडायचं, आडोशात वेग वाढवत यायचं आणि वळण संपताना बाहेर पडायचं. हा धावता वेग लवकर घेतला तर पुढच्याच्या चाकाशी अडकून पेडल रोखावं लागतं. उशिरा घेतला तर सरळ रस्ता पुरत नाही. नुसता जोर चालतो तो पात्रता फेरीत, कारण तिथे खेळाडू एकटाच असतो.

आता वय. डेन्मार्कच्या फ्यून बेटावर 1877 मध्ये जन्मलेला थोरवाल्ड एलेगार्ड 1901, 1902 आणि 1903 मध्ये व्यावसायिक स्प्रिंटचा विश्वविजेता झाला. 1904 ला अमेरिकेच्या आयव्हर लॉसनने ते विजेतेपद नेलं, एलेगार्डने 1906 ला परत मिळवलं. 1907 ला फ्रान्सचा एमिल फ्रिओल जिंकला, 1908 ला पुन्हा एलेगार्ड. 1910 ला पुन्हा फ्रिओल. 1911 ला रोममध्ये एलेगार्डने सहावं विजेतेपद घेतलं, तेव्हा तो 34 वर्षांचा होता. फ्रिओल त्याच्याहून वयाने लहान, तरी दोन्ही वेळा पुढच्याच वर्षी विजेतेपद एलेगार्डकडे परत आलं. चाळिशी उलटल्यावरही तो ट्रॅकवर उतरत होता.