स्पेस मोजायला माणूस कशाला?

‘रिव्ह्यूअरने दिसेल ती प्रत्येक चूक नोंदवावी’ हे कोड रिव्ह्यूवरच्या (एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासण्यावरच्या) लेखातलं वाक्य काही पटलं नाही. इंडेंटेशन (ओळीआधीची मोकळी जागा), इम्पोर्टचा क्रम वगैरे फॉरमॅटर आणि लिंटर ही कोड आपोआप नीट मांडणारी, तपासणारी टूल्स बिनबोभाट सांभाळतात. आमच्याकडे एका पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंतीवर) व्हेरिएबलच्या नावावरून भलामोठा वाद रंगला. त्याच फाइलमध्ये खाली पेमेंटचा कॉल टाइमआउट झाला (वेळेत उत्तर आलं नाही) की जसाच्या तसा पुन्हा पाठवला जात होता, म्हणजे ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जायची सोय! तिकडे कुणाचं लक्षच नाही. किरकोळ सूचना असेल तर आधी ‘मायनर’ लिहावं, मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये घेणं) अडवू नये.

आणि कोड लिहिणाऱ्यांनो, ‘हे असं का?’ विचारलं की रिव्ह्यूच्या चर्चेत, म्हणजे थ्रेडमध्ये, खुलासा देऊन मोकळे होऊ नका. कोडच सोपा करा, नाहीतर तिथेच कॉमेंट टाका. पुढे कोड वाचणारा तो थ्रेड शोधत बसत नाही.