गिरणगावातल्या बेकार पोरांचा सिनेमा कसा बघावा

आधी जागा बघा. 'लालबाग परळ' हा सिनेमा चाळीत बसून बघण्यात काही मजा नाही, तिथल्या लोकांना गोष्ट पाठ असते. लोअर परळच्या टॉवरमध्ये, तेविसाव्या मजल्यावर, एसी लावून बसा. टॉवर गिरणीच्या जागेवरचा असेल तर उत्तम. खिडकीतून जुनी चिमणी दिसत असेल तर दुधात साखर. चिमणी म्हणजे वारसा, ती जपायची असते. तिच्याखाली तीन पाळ्यांत राबलेली माणसं वारशाच्या यादीत बसली नाहीत, त्याला आपण काय करणार?

थोडा अभ्यासही हवा, पाहुण्यांवर छाप पडते. 18 जानेवारी 1982ला कामगार पुढारी दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. इथवर सांगा. पुढचं गिळा. म्हणजे 1991च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. 2001मध्ये दुरुस्ती झाली, वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे. आता गिरणीत मोकळी जमीन असणार ती केवढी? सगळी साचेखात्यानं, म्हणजे मागांच्या शेडनं, अडवलेली! तुमच्या बाल्कनीतला झोपाळा त्या दुरुस्तीलाच टांगलाय, तेव्हा जपून.

सिनेमा महेश मांजरेकरांचा, 2010चा, जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून. धुरींच्या खोलीत तीन भाऊ: एकाला नाटकं लिहायचीत, एक क्रिकेटमध्ये बुडालेला, तिसरा टोळीत. तिसरा दिसला की "संगत वाईट" म्हणावं. कुणी गिरणीचा विषय काढलाच, तर "सीमा बिस्वासनं आई काय केलीय!" म्हणून मोकळं व्हावं. ते खरंही आहे.

नेमके डोळे भरून येतील तेव्हा बेल वाजेल. सिनेमा थांबवा. दारात पोरगा असेल, हेल्मेट काखेत, बाही कोपरापर्यंत भिजलेली, फुटक्या काचेच्या मोबाईलवर अंगठा घासत ओटीपी मागणारा. उशीर का झाला, हे विचाराच. तो म्हणेल, मोठी लिफ्ट आमच्यासाठी नाही, सामानाच्या लिफ्टला रांग होती. असली कारणं ऐकून घेऊ नयेत. त्याची नजर तुमच्या खांद्यावरून टीव्हीकडे गेली, तर दार जरा लोटून घ्या.

शेवटी सिनेमाला पाच स्टार द्या. पोराला चार, पाच दिले की शेफारतात. सूप गार असेल तर तीन.