बसूंक ना!

ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काम नसतं, असं विकणारा हसतहसत सांगतो. तोच पाय पुढे गॅरेजात तासन् तास ताटकळणार आहे, हे सांगायचं तेवढं राहून जातं.

आमच्या गाडीत गियरबॉक्सचं तेल गार करणारी नळी रेडिएटरच्या पोटातच आहे. ती आतून गंजली. गोव्यात फोंड्याच्या आमच्या मिस्त्रीने डिपस्टिक ओढून माझ्या नाकासमोर धरली, तर टोकाला चक्क सोलकढी! लाल तेलात रेडिएटरमधलं कूलंट शिरलं की हाच रंग येतो, आणि मग गियरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटांवरचं अस्तर सुटायला लागतं. इकडे कूलंट कमी पडून इंजिनही तापलं आणि हेड वाकलं. दोन्ही खोलली, दोन्ही नव्याने भरली. खर्चाचा आकडा मी घरी हप्त्याहप्त्याने सांगितला.

राहिलं होतं फक्त जोडायचं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली. वाळपईकडच्या मूळ घरी माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधायच्या चौकटीचं) सामान, नारळांची पोती आणि सासूबाई, सगळं याच गाडीतून जायचं होतं.

इंजिन आणि गियरबॉक्स यांच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचं एक गोल, जड प्रकरण असतं. क्लचचं काम ते तेलाच्या जोरावर करतं. ते गियरबॉक्सवर नुसतं टेकवून चालत नाही. आधी मधल्या शाफ्टचे दाते, मग त्याच्याभोवतीच्या स्थिर नळीचे दाते आणि शेवटी तेलपंपाच्या खाचा, या तिन्हींत ते बसावं लागतं. त्यातच तेल आधी ओतून ठेवलेलं, त्यामुळे वजन विचारू नका. मिस्त्री त्याला मिठी मारून, डोळे मिटून, हळूहळू फिरवत बसला. खट्. पुन्हा फिरवलं. खट्. मग नुसतीच शांतता.

त्याने बेल हाउसिंगच्या, म्हणजे गियरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या आवरणाच्या, तोंडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली, खोली मोजायचा व्हर्नियर आत सोडला, आकडा पाहिला आणि मान हलवली.

"बसूंक ना." म्हणजे बसलं नाही.

गॅरेजबाहेरच्या बाकड्यावर कायमची बैठक असते. एक टेम्पोवाला आणि एक बोटीवरून निवृत्त झालेले काका. दोघांचं कशावरही एकमत होत नाही, पण आज झालं.

"अरे, जवळ आणून बोल्ट लाव आणि ओढून घे. येतं आपोआप!" टेम्पोवाला म्हणाला.

"बोटीवर आम्ही असंच करायचो," काका म्हणाले. (बोटीवर ऑटोमॅटिक गियरबॉक्सची मोटार कुठून आली, हे विचारण्याचं धाडस कुणाला झालं नाही.)

मलाही तो सल्ला मनापासून पटला होता. घट्ट आवळलं की जगातली कुठलीही वस्तू सुधारते, अशी आपल्याकडे श्रद्धाच आहे. मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "ओढून घेतलं की बोल्ट बसतील, बाब. आत पंप फुटेल. मग सगळं परत खाली."

बाकडं नाराज झालं आणि चहा मागवला.

तेवढ्यात पाऊस आला, लाईट गेली आणि मला बढती मिळाली: टॉर्च धरायची. मिस्त्रीला उजेड कुठे हवाय ते फक्त मिस्त्रीला माहीत असतं, आणि तो ते उजेड चुकीच्या जागी पडल्यावरच सांगतो. त्याने कन्व्हर्टर जरासा बाहेर घेतला, किंचित डावीकडे फिरवला, तळव्याने अलगद लोटला. खट्! हा आवाज वेगळाच, खोलातून आलेला. पट्टी, व्हर्नियर. या वेळी मिस्त्रीने नुसती भुवई उचलली.

मग कन्व्हर्टर पुन्हा बाहेर सरकू नये म्हणून पट्टीने बांधून, जॅकवर गियरबॉक्स वर गेला. जागा धरणाऱ्या वरच्या डॉवेल पिना जुळल्या आणि बेल हाउसिंग हाताने लोटूनच इंजिनला सपाट टेकली. कन्व्हर्टर बोटाने मोकळा फिरत होता. पाने त्यानंतर हातात घेतले.

पुढचं काम कंटाळवाणं. छोट्या खिडकीतून फ्लेक्स प्लेटचा (इंजिनकडची चकती, कन्व्हर्टर तिलाच जोडतात) एकेक बोल्ट लावायचा, आणि पुढचा दिसावा म्हणून क्रँकची पुली मी फिरवायची. "आणि थोडं... आणि... गेलं पुढे!" मग तेल, स्टार्टर, ब्रेक दाबून लिव्हर पार्कपासून खालपर्यंत आणि परत वर, पुन्हा डिपस्टिक, पुन्हा थोडं तेल. या खेपेला स्वच्छ लाल.

चवथीनंतर बिलाचे उरलेले पैसे द्यायला गेलो, तर बाकड्यावर टेम्पोवाला कुणा अनोळखी गाडीवाल्याला समजावत होता, "जोर अजिबात लावायचा नाही, बाब. पंप फुटतो."

"आम्ही बोटीवर कधीच लावत नव्हतो," काका म्हणाले.