संत ख्रिस्तोफर ‘रद्द’ झालेले नाहीत

14 फेब्रुवारी जवळ आली की एक मेसेज फिरू लागतो, आणि जुलैत संत ख्रिस्तोफरच्या दिवशी पुन्हा तोच. मजकूर साधारण असा: ‘1969 साली पोपनेच मान्य केलं की ख्रिस्तोफर, जॉर्ज, बार्बरा, व्हॅलेंटाईन ही मंडळी कधी होऊनच गेली नाहीत. यादी छाटली, त्यांचं संतपद काढून घेतलं. आता त्यांच्या नावाने सण करायला, पदक घालायलाही बंदी आहे.’ यातलं साल तेवढं बरोबर आहे.

‘संतपद काढून घेतलं.’ पोप सहावे पॉल यांनी 14 फेब्रुवारी 1969 रोजी काढलेलं पत्र उपासनेच्या कॅलेंडरबद्दल होतं. जगभरच्या लॅटिन (रोमन परंपरेच्या कॅथलिक) चर्चमध्ये कुठल्या तारखेला कोणाची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, म्हणायची, हा त्याचा विषय. नवं कॅलेंडर 1 जानेवारी 1970 पासून लागू झालं. संतांची नोंदवही वेगळी; तिला रोमन मार्टिरॉलॉजी म्हणतात. तिच्यात एकेका तारखेखाली अनेक नावं असतात, त्यातली मोजकीच कॅलेंडरात येतात. 2001 ची सुधारित आवृत्ती उघडून पाहा: 25 जुलैला लिसिया प्रांतातला हुतात्मा ख्रिस्तोफर आहे, 14 फेब्रुवारीला रोमच्या फ्लामिनिया रस्त्यावरचा व्हॅलेंटाईन आहे, 4 डिसेंबरला बार्बरा आहे. शिवाय, काढून घ्यायला आधी कोणी दिलेलं असावं लागतं. पोपने रीतसर संत जाहीर केल्याची पहिली पक्की नोंद 993 सालची, आउग्सबुर्गचे बिशप उलरिख यांची. हे चौघे त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या भक्तीतून संत मानले गेलेले.

‘कधी होऊनच गेले नाहीत.’ असं कुठेही म्हटलेलं नाही. ख्रिस्तोफरचं नाव वगळताना दिलेलं कारण असं, की हा रोमच्या जुन्या परंपरेतला संत नव्हे. त्याचं नाव रोमन कॅलेंडरात 1550 च्या सुमारास आलं. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा धिप्पाड ख्रिस्तोफर ही दंतकथा, ते खरंच. पण त्या नावाच्या हुतात्म्याची भक्ती दंतकथेहून जुनी आहे. व्हॅलेंटाईनबद्दल नाव, दफनाची जागा आणि तारीख याखेरीज पक्कं काही हाती नाही, म्हणून तो कॅलेंडरातून गेला. जॉर्ज तर गेलाच नाही! 23 एप्रिलला त्याचा ऐच्छिक स्मृतिदिन (पाळला तर चालतो असा, सर्वांत खालचा दर्जा) आहे, आणि इंग्लंडात त्याच दिवसाला सोहळ्याचा, म्हणजे सर्वांत वरचा, दर्जा आहे. अलेक्झांड्रियाची कॅथरीन 1969 मध्ये वगळली गेली होती, ती 2002 मध्ये 25 नोव्हेंबरला परत आली.

या मेसेजात हटकून ‘संत’ फिलोमिनाचं नावही घुसडतात. तिचं प्रकरण निराळं, आणि 1961 मधलं. रोममधल्या प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत 1802 मध्ये एक थडगं सापडलं. ते तीन भाजलेल्या फरश्यांनी बंद केलेलं होतं, आणि त्यांवर क्रमाने ‘लुमेना’, ‘पॅक्स ते’, ‘कुम फि’ अशी अक्षरं होती. पहिली फरशी उचलून शेवटी ठेवली की ‘पॅक्स तेकुम फिलुमेना’, म्हणजे ‘फिलुमेना, तुला शांती लाभो’, असं वाक्य जुळतं. पुढे पुरातत्त्वज्ञांनी शंका काढली की या फरश्या दुसऱ्या, जुन्या थडग्याच्या असाव्यात आणि इथे पुन्हा वापरल्या असाव्यात. ती मार्टिरॉलॉजीत नाही, आणि 1961 मध्ये स्थानिक कॅलेंडरांतून तिचा सण काढायला सांगितलं गेलं. 1969 च्या निर्णयाशी याचा संबंध नाही.

‘यादी छाटली.’ हे अर्धंच सांगितलं जातं. उरलेलं अर्धं वसईकरांनी तरी विसरू नये. जुनं कॅलेंडर इटलीतल्या संतांनी गच्च भरलं होतं; 1969 मध्ये इतर खंडांना जागा मिळाली. युगांडाचे चार्ल्स लवांगा आणि साथी 3 जूनला आले, पेरूचे मार्टिन द पोरेस 3 नोव्हेंबरला, आणि जपानचे पॉल मिकी आणि साथी 6 फेब्रुवारीला. या साथींमध्येच वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेत. या 26 जणांना नागासाकीत क्रुसावर मारलं ते 5 फेब्रुवारी 1597 रोजी. 5 तारीख मात्र संत आगाथाची, म्हणून यांचा दिवस 6. त्या 6 तारखेला आधी संत तीत (टायटस) होते. त्यांना 26 जानेवारीला तीमथ्याच्या जोडीला नेलं, आणि 26 जानेवारीचे पॉलिकार्प 23 फेब्रुवारीला गेले. एक नाव बसवायला एवढी हलवाहलव! संत थोमाही याच फेरबदलात 21 डिसेंबरवरून 3 जुलैला आले, कारण 21 डिसेंबर हा नाताळच्या तयारीचा ऐन शेवटचा आठवडा.

‘सण करायला बंदी.’ पदकावर बंदी कधीच नव्हती. मिस्सेचं म्हणाल, तर ज्या चर्चचं नावच संत ख्रिस्तोफर आहे तिथे 25 जुलै हा सोहळा असतो: नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) 16 पासून, धर्मगुरूचा लाल झगा, बायबलची तीन वाचनं, ग्लोरिया हे स्तुतिगीत आणि विश्वासांगिकार (श्रद्धेची कबुली) दोन्ही. त्या दिवशीचा प्रेषित याकोबाचा सण (सोहळ्याहून खालचा दर्जा) तेवढ्या चर्चमध्ये मागे पडतो. इतर चर्चमध्ये मात्र याकोबच वरचढ, तिथे ख्रिस्तोफरची मिस्सा बसत नाही. व्हॅलेंटाईनची अडचणही अशीच: 14 फेब्रुवारीला सिरिल आणि मेथोडियस या दोन संतांचा बंधनकारक स्मृतिदिन असतो. 2018 आणि 2024 मध्ये तर त्याच तारखेला राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आला आणि त्या दोघांनाही बाजूला व्हावं लागलं.

बार्बराचं सोपं आहे. आगमनकाळात (नाताळआधीचे सुमारे चार आठवडे) 16 डिसेंबरपर्यंतच्या साध्या वारी त्या तारखेला मार्टिरॉलॉजीत असलेल्या कुठल्याही संताची मिस्सा म्हणता येते. प्रार्थना हुतात्म्यांच्या सामायिक मिस्सेतून घ्यायच्या. फक्त 3 डिसेंबर रविवारी येतो का ते आधी पाहावं, कारण तेव्हा भारतात संत फ्रान्सिस झेवियरचा सोहळा नियमाने सोमवारी, 4 तारखेला सरकतो आणि बार्बराला त्या वर्षी जागा उरत नाही.