लाइन दुप्पट केली तरी कॉल का अडकतो?

‘व्हिडिओ कॉल अडकतोय? इंटरनेटची लाइन दुप्पट करा. फायरवॉलचा, म्हणजे आत-बाहेर काय जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याचा, संबंध नाही, कॉल लागतोय म्हणजे पोर्ट (रहदारीची दारं) उघडे आहेत. उरलंसुरलं क्यूओएस, म्हणजे महत्त्वाच्या रहदारीला आधी वाट देणारी सोय, बघून घेईल.’ नेटवर्क सांभाळणाऱ्यांमध्ये हा सल्ला सर्रास फिरतो. मला तो साफ चुकीचा वाटतो, कारण पैसे भलतीकडे जातात आणि मीटिंगमधली माणसं ‘आवाज येतोय का?’ विचारत राहतात.

आधी फायरवॉल, कारण खरी मेख तिथे आहे. कॉल लागला एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आवाज आणि चित्र यूडीपीवरून, म्हणजे हरवलेल्या तुकड्यासाठी न थांबणाऱ्या पद्धतीने, जायला हवं. ते अडलं की बहुतेक अॅप न सांगता टीसीपी ४४३ वर, म्हणजे वेबपानांच्या नेहमीच्या वाटेवर, उतरतात. तिथे एक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, हरवलं, की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात. वेबपान उघडताना हे जाणवत नाही. बोलताना मात्र अर्धा सेकंद गेला, की दोघं एकदमच बोलायला लागतात. एका ऑफिसात १०० एमबीपीएस लाइनचा आलेख निम्म्यावरही जात नव्हता, तरी चित्र गोठायचं. चालू कॉलची आकडेवारी उघडली, तर प्रोटोकॉलसमोर ‘टीसीपी’. बाहेर जाणारा यूडीपी ३४७८ पोर्ट आणि त्या सेवेचे मीडिया (आवाज-चित्राचे) पोर्ट, तेही तिच्याच सर्व्हरपुरते, उघडले. लाइन तीच राहिली, गोठणं थांबलं.

लाइन दुप्पट करण्याआधी कॉल कोणत्या वाटेने जातो ते बघा. ७२०पी (साध्या एचडी) चित्राला एका दिशेने साधारण दीड एमबीपीएस लागतात. शाखेतले २० जण कॅमेरा लावून बसले तर अपलोड ३०. हीच रहदारी व्हीपीएनने (खासगी, सुरक्षित जोडणीने) मुख्य ऑफिसात आणून तिथून इंटरनेटवर सोडली, तर तिथल्या लाइनवर ती दोनदा चढते, येताना आणि जाताना. शिवाय लांबचा फेरा. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगते, आणि लाइन रुंद केली म्हणून अंतर कमी होत नाही. मीटिंगची रहदारी शाखेतूनच थेट बाहेर सोडा. सुरक्षेसाठी फेरा नको, प्रमुख सेवांचा मीडिया वाटेत एन्क्रिप्टेडच (कूटबद्ध) असतो.

क्यूओएस जरूर लावा, पण त्याची सत्ता आपल्या राउटरपुरती. आवाजाच्या पॅकेटवरचा, ‘हे आधी जाऊ द्या’ सांगणारा ४६ चा शिक्का इंटरनेटवर बहुधा कोणी मानत नाही.

लाइन खरोखरच अपुरी असू शकते. ऐन गर्दीच्या तासाला अपलोडचा आलेख छताला टेकलेला दिसला, तर वाढवा.