चिमणा म्हणजे चिमणी नव्हे

तुमच्या लेखात ‘चिमणाबाई’ हे नाव चिमणी पक्ष्यावरून आलं असं म्हटलंय, ते पटलं नाही. चिमणा म्हणजे लहानगा, नाजूक. ‘चिमणी बोटं’ म्हणतो आपण, तो चिमणा. पुरुषांनाही हे नाव असायचं, चिमाजी अप्पांना चिमणाजी म्हणतच.

आम्ही बडोद्याचे, त्यामुळे हे नाव कानावरून रोज जातं. रावपुऱ्यातला टॉवर (१८९६) महाराणी चिमणाबाईंच्या नावाचा, न्यायमंदिरही त्यांच्याच. पण गंमत अशी, की महाराणी चिमणाबाई दोन झाल्या आणि दोघीही जन्माने चिमणाबाई नव्हत्याच! सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणी तंजावरच्या लक्ष्मीबाई. लग्नानंतर त्या चिमणाबाई झाल्या आणि १८८५ साली वारल्या. मग देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई आल्या, त्यांनाही तेच नाव मिळालं. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या त्या याच. इतिहासात गजराबाई कोणाला आठवतात?

माझ्या आजीचंही हेच. लग्नात ताम्हणातल्या तांदळावर आजोबांनी अंगठीने ‘चिमणा’ लिहिलं आणि माहेरचं नाव गेलं. ते फक्त तिच्या रुखवतातल्या तांब्यावर कोरलेलं होतं. चिंच लावून घासून घासून आता शेवटची वेलांटी तेवढी शिल्लक आहे. आई म्हणते, ‘कल्हईवाल्याकडे देऊ नकोस हं, तीही जाईल.’

आणि हो, आजी चांगली पावणेसहा फूट उंच होती. चिमणा कसली!